कॅसेटचा शेवटचा एक तास

बायकोला जाऊन अकरा महिने झाले. तिचा चष्मा अजून टीव्हीशेजारी आहे, मी तो हलवत नाही. ती असताना हे लिहिलं नसतं. तिनं आयुष्यभर कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही, मग मी कशाला काढू. आता ती नाही आणि मी सत्तरीला आलो. माझं शिक्षण सातवीपर्यंत. चुका असतील त्या सुधारून घ्या, पण शब्द मऊ करू नका.

मला पुरुष आवडतात. पहिल्यापासून. आता पेपरात त्याला समलिंगी म्हणतात आणि त्यावर लेख येतात. तेव्हा आमच्याकडे त्याला शब्द नव्हता, नुसत्या शिव्या होत्या. त्या शिव्या मी स्वतः दुसऱ्यांना द्यायचो, चारचौघांत, मोठ्यानं. माझ्यावर कुणाची नजर जाऊ नये म्हणून.

लग्न केलं कारण आई म्हणाली कर. पनवेलजवळ विचुंब्याला आमच्या दोन खोल्या होत्या. बायको शिरढोणची. कामाला वाघीण, बोलायला कमी. तिला मी फसवलं. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं, आता राहू दे. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं आणि लोक तिलाच बोलायचे. तिची आई तिला डॉक्टरकडे न्यायची, बाबाकडे न्यायची, उपास धरायला लावायची. खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. सहा-सहा महिने मी तिच्या अंगाला हात लावत नव्हतो. ती कुणाला सांगत नव्हती, आणि ती सांगत नाही हे बघून मी गप्प बसत होतो.

ही गोष्ट नव्वदच्या सुमाराची. पनवेलच्या बाजारपेठेत एक फोटो स्टुडिओ होता. मालकाला आम्ही शेठ म्हणायचो. त्यानं व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि मला लाईटवाला म्हणून ठेवलं. लग्नात हॅलोजनचा दिवा हातात धरायचा, वायर ओढत शेठच्या खांद्यामागून चालायचं आणि नवरीच्या तोंडावर उजेड पाडायचा. दुकानात आल्यावर दोन व्हीसीआर जोडून कॉप्या काढायच्या. तीन तासांची कॅसेट कॉपी व्हायला तीन तासच लागतात, तिथं घाई चालत नाही. माझा हात चांगला होता. कुठल्या बाजूनं उजेड टाकला की नाक बसकं दिसत नाही, टकलावर चमक येत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

लग्नसराई संपली की स्टुडिओ ओस पडायचा. मग शेठनं दुसरं काम धरलं. पनवेलच्या आजूबाजूला तेव्हा मुंबईच्या लोकांची फार्महाऊसं होऊ लागली होती. आठवड्यातल्या मधल्या वारी ती रिकामी असायची. एक पार्टी मुंबईहून यायची, सफारी घातलेला माणूस, बोलायला फार सभ्य. त्याला पुरुषा-पुरुषांच्या कॅसेटी हव्या होत्या. बाहेरदेशी जातात म्हणायचा. शेठनं मला स्कूटरच्या मागे बसवून नेलं तेव्हा एवढंच सांगितलं, "आज लग्न नाही. जे दिसेल ते बघायचं, बाहेर बोलायचं नाही. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं.

बघणाऱ्याला वाटतं तिथं मजा असते. सगळी हमाली असते. दिवसाढवळ्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या. आवाज येतो म्हणून पंखा बंद. माझ्या हातात हजार वॅटचा दिवा. माणसं घामानं निथळायची, मग थांबायचं, टॉवेलनं पुसायचं, पोहे खायचे, परत सुरू. येणारी माणसं साधीच होती. एक बँकेत शिपाई होता, एक तालीम करणारा होता, त्याला सारखी आरशात दंड बघायची सवय. कामाच्या मधे ती गावाकडच्या बांधाच्या वादावरून बोलायची, पोरांच्या शाळेच्या ॲडमिशनवरून बोलायची. मी दिवा खाली ठेवून ऐकत राहायचो. माझ्यासारखीच माणसं, आणि घर चालवणारी. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

पण भीती सोडत नव्हती. कायद्यानं गुन्हा होता. पकडलं असतं तर पोलिसांनी काय केलं असतं ते सांगायला नको. बाहेर खडीवर गाडीचा आवाज झाला की सगळे एकदम कपड्यांवर झडप घालायचे. एकदा खरंच जीप आली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. ड्रायव्हर उतरला, रखवालदाराला पळस्प्याचा रस्ता विचारला आणि गेला. तालीमवाला रडत होता. शेठ म्हणाला, "चला, उरका. ऊन उतरायच्या आत पॅकअप."

सात-आठ वेळा मी नुसता दिवा धरला. नवव्या वेळी एक माणूस आलाच नाही. सफारीवाला घड्याळ बघायला लागला. शेठनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू उभा राहतोस?"

मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी धमकावलं नाही, हे मला साफ लिहायचं आहे. इतक्या पटकन हो म्हटलं की माझी मलाच भीती वाटली. फक्त एक अट घातली, तोंड दिसता कामा नये. शेठ म्हणाला, "लाईट मागून मारतो. तोंड अंधारात राहील. काळजी करू नकोस."

आता यातली गोम बघा. तोंड अंधारात ठेवायचं कसब माझ्याकडे होतं, आणि मी तर समोर उभा होतो. शेठनं दिवा स्टँडवर लावला तो सरळ माझ्या तोंडावर. मला तिथंच कळलं. अंगावर उजेड किती पडतोय हे लाईटवाल्याला डोळे मिटून कळतं. पण मी बोललो नाही. का बोललो नाही ते आजही नीट सांगता येत नाही. माझ्यासोबत जो होता तो उरणकडचा, बंदरात फिटर होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो तिथून उठू नये असं मला वाटत होतं. एवढंच.

पार्टी कॅसेट घेऊन गेली. दुकानात त्या दिवसाच्या मूळ शूटिंगच्या दोन कॅसेटी राहिल्या, दोन्हींत मी होतो. दोन्ही तीन-तीन तासांच्या, काठोकाठ भरलेल्या. शेठचा नियम होता, या कामाची एकही कॅसेट दुकानात ठेवायची नाही, पुसून कोरी करायची. पुसायची म्हणजे मशीनमध्ये घालून काहीच न जोडता रेकॉर्ड चालू करायचं, तीन तास. मी दोन मशीनांत दोन कॅसेटी घातल्या. टीव्ही बंद केला. तिथं माझं तोंड होतं आणि मला ते बघवत नव्हतं. मशीनच्या घरघरीजवळसुद्धा बसवेना. शटर अर्धं ओढून बाहेर गेलो, चहा प्यायलो, तळ्यावर जाऊन बसलो.

परत आलो तर मशीन गप्प होतं. मला वाटलं, झालं. कॅसेटला खिडकी असते, आतलं रीळ कुठवर आलंय ते दिसतं. रोजची सवय होती, कॅसेट काढली की नजर तिथं जायचीच. त्या दिवशी मी मान वळवूनच दोन्ही कॅसेटी रिवाइंड केल्या आणि कोऱ्या कॅसेटींच्या खोक्यात टाकल्या. मधे लाईट गेली होती आणि आली होती. मशीन अर्ध्यातच बंद पडलं होतं. पनवेलात लाईट जाणं रोजचंच होतं, आणि ते माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याच महिन्यात धाकट्या मेहुणीचं लग्न झालं. शेठनं माझ्यासाठी म्हणून शूटिंग केलं. दोन तासांचं लग्न, गाणी टाकून, फुलांच्या चौकटीत नवरा-नवरी बसवून. कॉपी मीच काढली, खोक्यातली एक कॅसेट उचलून. सासरी नेऊन दिली तेव्हा सासूनं कॅसेटला हळदीकुंकू लावलं.

पुढच्या रविवारी सासरी सगळ्यांना बोलावलं होतं. व्हीसीआर भाड्यानं आणायचा, ओटीवर टीव्ही ठेवायचा, भावकीनं आणि शेजाऱ्यांनी बसून लग्न बघायचं. तेव्हा ही रीत होती. लग्न एकदा लागायचं आणि एकदा दिसायचं. बायको आदल्या दिवशीच गेली होती. कॅसेट सकाळीच लागणार होती; मी दुकानात होतो, दुपारी जेवायला जाणार होतो.

सकाळी दहाच्या सुमाराला शेठला एका मुंजीची कॉपी काढायची होती. त्यानं खोक्यातून कॅसेट घेतली आणि सवयीनं पुढे पळवून बघितली. मी वायरी गुंडाळत होतो.

"ही तू पुसलीस?"

"हो."

"मग हा कोण आहे?"

मी वळलो. टीव्हीवर माझी पाठ होती. पाठीवरचा व्रण मी ओळखला. मग तो पडद्यावरचा मी वळला आणि सरळ माझ्याकडे बघायला लागला.

शेठनं टीव्ही बंद केला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "दुसरी कुठंय? दोन होत्या."

शेठला माझ्याकडे बघून कळलं. तो खाली बसला आणि बोटांवर हिशेब करायला लागला. अर्धी पुसलेली, म्हणजे दीड तास. त्यावर दोन तासांचं लग्न. म्हणजे लग्न संपलं की शेवटचा एक तास जसाच्या तसा. तो मला म्हणाला, "पळ. माझं नाव घेतलंस तर मी तुला ओळखत नाही."

सासरी फोन नव्हता. सायकल काढली. पनवेल ते शिरढोण दोन कोस असेल-नसेल, गोव्याच्या रस्त्यानं. पळस्पे फाट्याच्या पुढे ट्रक अंगावर यायचे आणि मला त्यांचं काही वाटत नव्हतं. खरं सांगतो, एकदा मनात आलं, हँडल जरा उजवीकडे वळवावं. बायकोचं तोंड आठवलं. मी मेलो असतो तर तिनं ओटीवर बसून ती कॅसेट एकटीनं बघितली असती, आणि मला एक शब्द विचारता आला नसता. म्हणून नीट चालवली.

पोचलो तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता. आतून सनईचा आवाज येत होता. मी दारात उभा राहिलो आणि टीव्हीकडे बघितलं. सप्तपदी चालली होती. म्हणजे पुढे जेवणावळ, मग आहेर, मग पाठवणी. वीस मिनिटं. मीच जोडलेली कॅसेट, मला प्रत्येक गोष्ट कुठं येते ते ठाऊक होतं.

"आले आले, जावई आले!" सासू ओरडली. "सरका गं, बसाया जागा द्या."

तीसेक माणसं असतील. म्हातारी माणसं खाटेवर, बाया खाली, पोरं टीव्हीच्या अगदी पुढ्यात. मी वाट काढत व्हीसीआरजवळ गेलो. तिथं मेहुणा बसला होता, बायकोचा भाऊ, एसटीत कंडक्टर. मशीनवर हात ठेवून असा बसला होता जसं त्यानंच बनवलंय.

"मी बघतो मशीन. तू जेव जा," मी म्हटलं.

"भावोजी, तुमी दुकानात रोज बघताय. आज आमाला बघू द्या की."

"मशीन तापतं जास्त वेळ चाललं की."

"तापू द्या. सांजच्याला द्यायचा हाय परत."

मी त्याच्या शेजारी टेकलो. शर्ट पाठीला चिकटला होता. जेवणावळ सुरू झाली. पडद्यावर एक मामा दिसला, तोंडात अख्खा लाडू. ओटी हसून लोटपोट.

"मामा, तुमाला लाडू मोजून दिलाता का?"

"अगं तो तिसरा हाय! पयले दोन घेतलेच नाय त्यांनी!"

मग आहेर. एक शेजारीण माझ्या बायकोकडे वळली. बायको मागे दाराशी चहाचे कप भरत होती. शेजारीण म्हणाली, "तुज्या बहिनीच्या घरात आता वर्साच्या आत पाळना बघ. तुजं काय ते देवाला ठाव." बायको कप भरत राहिली. मी खाली बघितलं. एरवीही मी खालीच बघायचो.

पाठवणी आली. नवरी आईच्या गळ्यात पडून रडते तिथं ओटीवरच्या सगळ्या बाया पुन्हा रडायला लागल्या. सासूनं डोळ्याला पदर लावला आणि मग म्हणाली, "सगली दिसली. गावचा कुत्रापन दिसला. आमचा जावई कुठंच नाय दिसला."

"कसा दिसंल आये? ते दिवा धरून मागं," मेहुणा म्हणाला.

"येकदा तरी पुडं यायचं व्हतं."

"थांबा, थांबा. शेवटाला असतील. सिनेमात नाय का, शेवटाला काम करनाऱ्यांची नावं येतात? काय भावोजी, गुपचूप आपला फोटू टाकलाय ना शेवटाला?"

सगळे हसले. पोरं टाळ्या वाजवायला लागली. "काका दिसनार! काका दिसनार!"

"संपलं आता, बंद कर," मी म्हटलं.

"लाजतात बघा कशे!"

पडद्यावर हात जोडलेले, खाली 'आपले आभारी'. ते गेलं. मग पांढऱ्या रेघा, फडफड. मी हात पुढे केला, मेहुण्यानं तो हसत धरून ठेवला. कंडक्टरचा हात, पकड जबर. तीस माणसं माझं तोंड दिसायची वाट बघत होती. रेघा स्थिर झाल्या. खिडकीला लावलेली घोंगडी दिसली आणि तिच्यावर उजेडाचा गोल.

"ये कुनाचं घर?" सासूनं विचारलं.

आणि चित्र गेलं.

बायको भिंतीजवळ उभी होती. एका हातात किटली होती, दुसऱ्या हातात उपटलेली वायर.

"जलका वास येतंय," ती म्हणाली. "तुमाला येत नाय का कुनाला? भाड्याचा हाय तो. जलला तं मालकाला काय सांगशील?" हे तिनं भावाला विचारलं. तो चरकला, मशीन हुंगायला लागला. कुठला वास असणार. पण दोन बाया म्हणाल्या, हो गं, येतंय जरासा. एकदा कुणी म्हटलं की सगळ्यांना येतोच.

"तुमी काढा ती कॅसेट," बायको मला म्हणाली. "तुमाला कलतं त्यातलं."

तिनं बटण बंद ठेवून वायर लावली, मग टीव्हीपुढे अशी उभी राहिली की कुणाला काही दिसू नये. मग बटण चालू केलं. मी कॅसेट बाहेर घेतली. घाईत ती दोनदा अडकली. तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि आपल्या पिशवीत टाकली. "शेवटाला बिगाडली हाय. नीट करून आनून देतील," असं आईला सांगितलं आणि कप घेऊन आत गेली.

तिला काहीच माहीत नव्हतं हे मला नंतर कळलं. काय येणार ते तिला ठाऊक नव्हतं. मी दारात आलो तेव्हा तिनं माझं तोंड बघितलं होतं, एवढंच. त्या तोंडावरून तिनं ठरवलं की हे थांबवायला हवं.

घरी आल्यावर ती बोलली नाही. कॅसेट तिनं कुठं ठेवली ते मला सापडलं नाही, मी तिच्या पाठीमागे सगळं घर शोधलं. तीन दिवस तिनं भाकरी वाढली, मी खाल्ली. मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं. मला सारखं वाटे, आता ही उठेल आणि माहेरी जाईल, आणि तिथं आई विचारील, का आलीस. ती मग काय सांगेल? खरं सांगितलं तर माझं गावात राहणं संपलं, दुकान संपलं, कदाचित पोलीस. मी तिच्या पायांच्या आवाजाला घाबरत होतो.

चौथ्या दिवशी तिनं तांदळाच्या डब्यातून कॅसेट काढली, पदरानं पुसली. "चला. दुकानात."

"कशाला?"

"बघायची हाय."

मी पाया पडायचा बाकी राहिलो. तिनं ऐकलं नाही. दुकानात शेठ तिला बघून उठून उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात? ते काही बायकांनी बघायचं नाही."

"माज्या नवऱ्याला कराया लावलात," ती म्हणाली, "मंग मला बघायाची लाज कसली?"

शेठ शटर ओढून बाहेर जाऊन उभा राहिला. मी मशीन लावलं. ती स्टुलावर बसली, हात मांडीवर, देवळात बसावं तशी. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. फक्त आवाज ऐकू येत होता. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग तिनं विचारलं, "हा काय बोलला तुमाला?"

मी वळलो. पडद्यावर आमचं काम थांबलेलं होतं, शेठ कॅमेरा बंद करायला विसरला होता. मी आणि तो फिटर टॉवेल गुंडाळून बसलो होतो आणि मी हसत होतो. पोट धरून हसत होतो.

"तो बोलला," मी सांगितलं, "रोज आमाला भाजतोस ना लाईटवाल्या, आज तुजी पाळी. कसा लागतंय चटका?"

ती हसली नाही. पडद्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "पाच वर्सं झाली. घरात अशे कदी हसला नाय तुमी."

पुढचं तिनं बघितलं नाही. बंद करा म्हणाली.

आम्ही एसटी स्टँडवर आलो. विचुंब्याला जायला तिकडे यायची काही गरज नव्हती, तीच त्या बाजूला वळली आणि मी मागे गेलो. ती बाकावर बसली. समोर पेणची गाडी लागते ती शिरढोणवरून जाते. मला कळलं ती तिथं का बसलीय.

"बाईवाला मानूस असता तं मी भांडले असते," ती म्हणाली. "सवतीशी भांडता येतं. ह्याच्याशी मी कशी भांडू?"

तिनं पिशवी मांडीवर घेतली.

"माज्या आयनं मला किती उपास कराया लावले तुमाला ठाव हाय? तुमी बाजूला बसून बघत व्हता."

"हो."

"आता काय करनार ते सांगा. मंग मी ठरवते."

मला खोटं बोलायची फार सवय होती. तोंडावर आलंही होतं, की सुधारीन, देवाची शपथ घेतो, परत नाही. ती माझ्याकडे बघत होती, ओटीवर बघितलं होतं तसंच. मी म्हटलं, "काम सोडतो. कॅसेट जालतो. पन मी असाच हाय. ते नाय बदलनार. मला बी भ्या वाटतं त्याचं."

पेणची गाडी आली. कंडक्टरनं दार उघडलं, पिशव्यावाल्या बाया चढल्या. ती उठून उभी राहिली. माझ्या कानात नुसता इंजिनाचा आवाज. तिनं दोन पावलं टाकली आणि पायरीजवळ थांबली. कंडक्टर म्हणाला, "बाई, यायचं का नाय?"

तिनं पाय मागे घेतला. गाडी गेली. ती परत येऊन बाकावर बसली, मधे एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. दुसरी गाडी आली, तिच्याकडे तिनं बघितलंही नाही.

"मला कुनी काय बोललं ना आता," ती पुढे बघत म्हणाली, "पाळन्यावरनं, उपासावरनं, तं तुमी खाली नाय बघायचं. तितं बोलायचं. माज्यात खोट नाय असं बोलायचं. सगल्यांच्या समोर. जमंल?"

भीती तर वाटलीच. तीस माणसांसमोर तेवढं म्हणायचं म्हणजे पुढचा प्रश्न माझ्यावर येणार. मी म्हटलं, "जमंल."

"मंग चला," ती म्हणाली. "नळाला पानी यायचा टाइम झाला."